रुग्णासोबतचा माणूस

20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबांचं नाव निघालं की खराटा आणि कीर्तन डोळ्यांसमोर येतं. मला मात्र मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळची त्यांची धर्मशाळा फार मोलाची वाटते. ती रुग्णांच्या नातेवाइकांसाठी होती. खाटेवरच्या माणसाला डॉक्टर बघतो; त्याच्यापायी गाव सोडून आलेल्या, फुटपाथवर भाकर खाणाऱ्या माणसाला कोण बघणार, हा प्रश्न बाबांना पडला. मनाच्या आजारात समाजकार्यकर्ता हेच करतो. तो रुग्णाला बघतो, आणि त्याच्याभोवतीचं घर, शेत, कर्ज, भाऊबंदकीही बघतो.

वलगाव-भातकुली पट्ट्यातलं एखादं घर धरा. पन्नाशीचा कर्ता माणूस, सोयाबीन लागोपाठ दोन वर्षं हातचं गेलेलं. तो वावरात जात नाही, ओट्यावर बसून राहतो. कोणी त्याला आळशी म्हणतं, कोणी बाहेरची बाधा. आशाताई येतात. "भाऊ, जेवन जाते का?" "जाते." "आन झोप?" तो गप्प. आतून बायको बोलते, "रातभर खाटेवर बसून राह्यते वं बाई. काही इचारलं तं बोलत नाई." उपचार इथून सुरू होतो. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. झालेली मुलगी दुसऱ्या दिवशी येते आणि त्याला सरळ विचारते, जगू नये असं मनात येतं का? असं विचारलं तर नसता विचार डोक्यात घुसेल, ही भीती खोटी आहे. कोणी विचारलं म्हणजे माणूस मोकळा होतो, वाचण्याची वाट त्यातूनच निघते. मग ती घरातलं फवारणीचं औषध शेजारच्या घरी कुलपात ठेवायला लावते. पुढे डॉक्टरच्या गोळ्या बंद झाल्या तर त्या का, हे समजून घेते. बहुतेकदा कारण साधंच असतं: तालुक्याला जायला एसटीचं भाडं नसतं, किंवा गोळीने गुंगी येते आणि पेरणीच्या दिवसांत ती परवडत नाही. ती डॉक्टरशी बोलून वेळ बदलून घेते. बँकेची नोटीस घेऊन त्याच्यासोबत शाखेत जाते. आणि रोज सकाळी धुऱ्यापर्यंत एक चक्कर मारायची, एवढंच काम त्याला लावून देते. ठरवून दिलेली ही लहान कामं नैराश्यावरच्या शास्त्रीय उपचाराचा भाग आहेत, पण बघणाऱ्याला ते फक्त 'समजावून सांगणं' वाटतं.

हे आपल्याच जिल्ह्यात करून पाहिलेलं आहे. 'विश्राम' नावाचा प्रकल्प अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि समुपदेशकांना प्रशिक्षण दिलं, गंभीर रुग्णांसाठी मनोविकारतज्ज्ञ गाठीशी ठेवले. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी 2017 साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात त्याचे आकडे मांडले. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी 4.3 टक्के लोक उपचारापर्यंत पोचत होते; दीड वर्षाने 27.2 टक्के. गेल्या वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावं नव्हती, तेव्हा सगळंच श्रेय प्रकल्पाला देता येत नाही. पण गावकरी मनाच्या दुखण्यावर इलाज घेत नाहीत, ही आपली जुनी सबब त्या 30 गावांनी मोडून काढली. दारापर्यंत कोणी गेलं की ते घेतात.

आणि जो गेला, त्याच्या मागे उरलेली बायको? आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला सरकार एक लाख रुपये देतं. त्याआधी समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. जमीन नावावर होती का, कर्ज मान्य संस्थेचं होतं का? ठोक्याने शेती करणाऱ्याच्या नावावर सातबारा कुठून असणार? ज्या घरातला माणूस गेला, त्या घरावर 'अपात्र' असा शिक्का बसतो, तेव्हा त्या बाईचं दुःखच कोणी नामंजूर केल्यासारखं होतं. ती झोपते का, हे त्या फायलीत कुठेच विचारलेलं नसतं. वारसनोंद, रेशनकार्ड, पोरांची शाळा, सासरच्यांशी जमिनीचा वाद, हे सगळं मार्गी लावता लावता तिच्या मनाला धीर देणारी बाई म्हणजे समाजकार्यकर्ती. कागदाचं काम आणि मनाचं काम तिथे वेगळं काढता येत नाही.

कागदावर हे सगळं मान्य आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने समाजकार्याचं शिक्षण मुंबईत 1936 साली सुरू केलं. देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 चा. त्याच्या पथकात मानसोपचार समाजकार्यकर्त्याचं पद आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही त्यांना मानसिक आरोग्याचे व्यावसायिक म्हणून मान्यता दिली. विदर्भ-मराठवाड्याच्या 14 जिल्ह्यांत 2015 पासून शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा 'प्रेरणा प्रकल्प' आला, आशांना घरोघरी पाहणीचं काम मिळालं. पण चौदा तालुक्यांच्या अमरावती जिल्ह्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं, तीही कंत्राटी. कंत्राट संपलं की ओळखीची ताई जाते, आणि विश्वासाने बोललेला माणूस पुन्हा गप्प होतो.

याचं एक कारण आपल्या श्रद्धेत आहे, असं माझं ठाम मत आहे. वऱ्हाडाने सेवेला संतपणाशी जोडलं. शंकरबाबा पापळकरांनी वझ्झरला अनाथ, दिव्यांग, मतिमंद मुलांना स्वतःचं नाव दिलं, 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. असा माणूस पाहिला की हात आपोआप जोडले जातात. जोडावेतच. पण मग जी मुलगी याच कामाचा पगार मागते, ती आपल्याला लोभी वाटू लागते. गाडगेबाबा स्वतः गाडग्यात जेवले, पण धर्मशाळा त्यांनी पक्क्या बांधल्या आणि त्यांच्यासाठी विश्वस्त संस्था नेमल्या. स्वतःचा त्याग त्यांनी दुसऱ्यावर लादला नाही.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक कायम समाजकार्यकर्ती, प्रवासभत्ता, आणि आठवड्यातून एकदा वरिष्ठांसोबत बसून जड प्रकरणं बोलायची सोय, एवढी मागणी आहे. ही सोय तिच्यासाठीही हवी. रोज दुसऱ्याच्या मरणाच्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलीलाही झोप लागायला हवी. 'टेलिमानस' या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक रात्री-बेरात्री लागतो, तो प्रत्येक घरात ठाऊक असावा. पण फोनवर रडलेल्या माणसाच्या दारी सकाळी कोणीतरी जायला हवं, आणि तिच्या स्कुटीच्या पेट्रोलचे पैसे जिल्हा परिषदेच्या या वर्षीच्या अंदाजपत्रकात दिसायला हवेत.