एकवीस वॉटचा पत्ता

औंढा नागनाथ तालुक्यात गेली काही वर्षं पारावर लेझरच्या गप्पा निघतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने २,६०० कोटींच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांमध्ये लेझर सोडायचा आणि कुठल्याशा दूरच्या कृष्णविवरांची टक्कर इथे हिंगोली जिल्ह्यात मोजायची, असा तो बेत. गुरुत्वीय लहरींचं पारावर कुणी फार मनावर घेतलं नाही. ‘लेझरवाल्यांना काम निघणार’ एवढं मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं, आणि दत्ताच्या तर डोक्यातच बसलं.

नांदेडहून मेकॅनिकलची पदवी घेऊन तो भोसरीत एका लेझर कटिंगच्या शॉपमध्ये लागला. पुढे काय शिकायचं याची यादी खिशात तयार होती: कोचीच्या विद्यापीठात लेझर टेक्नॉलॉजीचं एम.टेक. आहे, इंदूरला राजा रामण्णा केंद्र आहे, कानपूरच्या आयआयटीत सोय आहे. यादी चुकीची नव्हती. अशा याद्या मिळायला वेळ लागत नाही, हीच त्यांची अडचण.

शॉपमध्ये दोन मशीन होती. पोलादाचे पत्रे कापायला सहा किलोवॉटचं फायबर लेझर, आणि कोपऱ्यात पाट्यांचं अॅक्रिलिक कापणारं दीडशे वॉटचं जुनं कार्बन डायऑक्साइड मशीन. दत्ताची नजर अर्थातच मोठ्यावर. पण मेंटेनन्सचे जाधवमामा त्याला पहिल्या आठवड्यात कोपऱ्यातल्या मशीनकडे घेऊन गेले आणि त्याच्या अॅक्रिलिकच्या झाकणावर टिचकी मारून म्हणाले, “याचा लेझर हे झाकण अडवतं. त्या मोठ्याचा अडवत नाही, सरळ पार जातो आणि डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. आता हा पॉवर मीटर धर.”

दत्ताने मापं घेतली. नळीतून निघताना १३० वॉट. तीन आरशांवरून वळून आल्यावर ११८. लेन्समधून बाहेर पडल्यावर ९७.

“लेन्सपाशी एकवीस गेले. कुठं?” मामांनी विचारलं.

“लॉस आहे, मामा.”

“लॉस हा काय पत्ता झाला? गावातला माणूस हरवला तर पोलिसांत ‘लॉस’ म्हणून लिहून देशील का? पत्ता सांग.”

मशीन बंद करून मामांनी लेन्सचा होल्डर त्याच्या हातात ठेवला. तो चांगलाच गरम होता. लेन्सवर अॅक्रिलिकच्या धुराचा पिवळट थर बसलेला. एकवीसमधले बरेचसे वॉट त्या थरात मुक्कामाला होते. कापूस आणि अल्कोहोल घेऊन मामांनी लेन्स अशी पुसली की बघणाऱ्याला कंटाळा यावा. पुन्हा माप घेतलं तर ११४. दत्ताला यात विशेष काही वाटलं नाही. हे इंजिनीअरचं काम नव्हे, सफाईचं काम आहे, असं त्याचं मत झालं. पदवी नवी असताना असली मतं फार घट्ट असतात.

एक गोष्ट त्याला तेव्हा माहीत नव्हती. ज्याला तो भंगार समजत होता त्या मशीनचा मूळपुरुष आपल्याकडचा. कुमार पटेल १९३८ साली बारामतीत जन्मले, पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, स्टॅनफर्डला गेले आणि १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर घडवला. त्यांनी रेणूच्या कंपनांतून लेझर काढला, आणि जोडीला नायट्रोजन घेतला. विजेची ऊर्जा नायट्रोजनने घ्यायची आणि धडकेसरशी ती कार्बन डायऑक्साइडच्या हवाली करायची. कुठली ऊर्जा कुणाकडून कुणाकडे जाते याचा असा चोख हिशेब लागला, म्हणून तो लेझर पुढे कारखान्यात उभा राहू शकला.

पावसाळ्यात पंपांच्या झाकणांची मोठी ऑर्डर आली. स्टेनलेस स्टील, तारीख जवळची. मामा गावी, रात्रपाळी दत्ताकडे. सुरुवातीचा माल सुरेख निघाला, मग कडेखाली बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, यायला लागला. दत्ताने स्क्रीनवर पॉवर वाढवली. थोडा वेळ बरं चाललं, मग बर आणखी वाढला. त्याने पॉवर आणखी चढवली. पहाटे कटिंग हेडमध्ये आवाज झाला. प्रोटेक्शन ग्लास तडकली होती आणि वरची लेन्सही कामातून गेली होती.

सकाळी शेठ जे बोलले ते छापण्यासारखं नाही. मामा दुपारी आले, तडकलेली काच उजेडात धरली आणि त्यावरचा काळा ठिपका दाखवला. मोहरीपेक्षा लहान.

“तू जेवढी पॉवर वाढवलीस, तेवढं याला खायला मिळालं. पत्र्यापर्यंत काय पोचणार?”

त्यानंतर दत्ताने वही केली. रोज पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी मापं, काचेची अवस्था, गॅसचा दाब. ‘लॉस’ हा शब्द वहीत बंद. वर्षभराने एका संस्थेत मुलाखतीला गेला तेव्हा ही वही त्याने सोबत नेली. समोरच्या मॅडमनी ती मन लावून चाळली, कौतुक केलं आणि विचारलं, “ठिपका तापतो हे ठीक. पण काच तर सपाट आहे. ती तापली की फोकस का सरकतो?”

दत्ताला सांगता आलं नाही. गणिताच्या दोन प्रश्नांवरही तो अडखळला. निवड झाली नाही, आणि माझ्या मते योग्यच झालं. नुसती वही बघून त्याला घेतलं असतं तर त्याचं नुकसान झालं असतं. पत्ता सापडतो, पण रस्ता माहीत नाही, असा इंजिनीअर पहिल्या नव्या मशीनपाशी थांबतो.

तो परत आला आणि अजय घटकांचं ‘ऑप्टिक्स’ घेऊन बसला. पाळी संपली की खोलीवर दोन-दोन पानं, कधी तीही नाहीत. काही महिन्यांनी त्याने एमडीएफच्या तुकड्यावर पेन्सिलने मामांना आकृती काढून दाखवली. काच मध्ये तापते, कडेला थंड राहते. तापल्या भागात प्रकाशाची चाल बदलते आणि काच किंचित फुगतेही. सपाट काच मग भिंगासारखी वागते आणि फोकस जागा सोडतो. बाहेरून काही कळत नाही.

मामा बराच वेळ आकृतीकडे बघत राहिले. “म्हणजे सकाळी माल चांगला आणि जेवणानंतर खराब, ते यामुळं? मी इतकी वर्षं गॅसवाल्याला शिव्या देत होतो.”

“त्यातल्या काही बरोबरही असतील, मामा.”

मग दत्ताने वाचलेली दुसरी गोष्ट सांगितली. लायगोचे आरसे चाळीस-चाळीस किलोचे, त्यांच्यावर काही लाख वॉटचा प्रकाश येरझाऱ्या घालतो. अमेरिकेतल्या लायगोत त्या आरशांवरच्या सूक्ष्म ठिपक्यांनीच शास्त्रज्ञांना छळलं. पॉवर वाढवावी तर ठिपका तापतो, आरशाचा पृष्ठभाग उचलला जातो.

“मग पुसत का न्हाईत?”

“ठिपके लेपातच असतात, पुसून जात नाहीत. पण सगळी काच तापून भिंग होते ना, त्यावर उपाय केलाय. दुसऱ्या लेझरने जोडीची काच हवी तिथे ऊब देऊन तो दोष भरून काढतात.”

“दुसरा म्हणजे कसला?”

“कार्बन डायऑक्साइडचा. आपल्या कोपऱ्यातल्याच्या जातीचा.”

मामा हसले. “मग यंदा परत फॉर्म भर. या वेळी बाईंना सांगता येईल. पण जायच्या आधी दोन्ही पाळ्यांच्या पोरांना वही भरायला शिकव. कुणी ‘लॉस’ लिहिलं तर पान फाडून परत लिहायला लावीन, सांगून ठेव.”