अक्षर मोडावे काय?

बालवाडीतील मुलांकडून शाडूच्या मातीच्या वळ्या करवून त्यांची अक्षरे घडवावीत, आणि धडा आटोपताच ती मोडून मातीचा पुन्हा एक गोळा करावा, ही रीत ऐकल्यावर, कागदाला पाय लागला तरी हात जोडण्याच्या संस्कारात वाढलेल्या एखाद्या वृद्ध गृहिणीच्या मनात जी शंका उभी राहील, ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. जे सरस्वतीचे रूप म्हणून पूजावयाचे, ते मुलाच्याच हातून मोडवावे काय? हा प्रश्न वरवर शिक्षणशास्त्राचा दिसला तरी मुळात तत्त्वज्ञानाचा आहे. कारण अक्षराचे वास्तव्य कोठे, याचा निवाडा झाल्यावाचून ते मोडले की नाही, हेच सांगता येत नाही.

परंपरेचा दाखला मोडण्याच्या बाजूचा आहे. पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे रेखीत आणि तळहाताने पुसून पुन्हा रेखीत. त्यात कोणाला पाप दिसले नाही. भाद्रपदातील पार्थिव गणपतीची प्राणप्रतिष्ठा होते, उत्तरपूजा होते आणि मूर्ती पाण्यात विरते, पण देव नाहीसा झाला असे कोणी म्हणत नाही. मीमांसकांनी तर वर्ण नित्य मानला आहे. उच्चाराने तो केवळ व्यक्त होतो. मात्र या उत्तराने माझे समाधान होत नाही. आकृती जर इतकी गौण असेल, तर ती घडवण्यासाठी मुलाने एवढे श्रम का घ्यावेत?

ते का घ्यावेत, हे मातीशी बसल्यावर कळते. आपल्या शाळांतून मुळाक्षरांचा आरंभ उच्चारस्थानांच्या क्रमाने न करता ग म भ न असा आकृतींच्या नात्याने करण्याची जी जुनी रीत आहे, तिचे शहाणपण बोटांना तत्काळ उमगते: ग चा दंड निराळा वळावा लागतो, म ला डावीकडे जोड द्यावा लागतो, आणि भ ची शिरोरेषा मध्येच तोडावी लागते, जी फट डोळ्यांच्या नजरेतून सहज निसटते, ती हाताला स्वतः ठेवावी लागते. पहिल्या शतकातील रोमन अध्यापक क्विंटिलियन यालाही, अक्षरांची नावे व क्रम आधी आणि आकार मागाहून, ही त्याच्या काळची चाल पसंत नव्हती, आणि मुलांना खेळावयास हस्तिदंती अक्षरे द्यावीत असे त्याने लिहून ठेवले. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, वाटी पालथी घातली तरी ती वाटीच राहते, पण मातीचा ग पालथा केला की तो ग राहत नाही. ज्या बालकाला आजवर प्रत्येक वस्तू कोणत्याही बाजूने तीच दिसली, त्याला येथे प्रथमच अशी वस्तू भेटते की जिचे स्वत्व निसर्गाने नव्हे, तर माणसांनी आपसांत ठरवलेल्या संकेताने बांधलेले आहे.

आता मूळ प्रश्न. गौतमाच्या न्यायसूत्रांत तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच असा युक्तिवाद आहे की, जे मी डोळ्यांनी पाहिले तेच मी आता स्पर्शाने जाणतो, ही ओळख ना डोळ्याची असू शकते ना त्वचेची, कारण एका इंद्रियाला दुसऱ्याचा विषय ठाऊक नसतो. दोघांच्या जबान्यांची रुजुवात घेणारा कोणी तिसराच असला पाहिजे, आणि तोच आत्मा. बौद्धांनी हा एकच एक धनी नाकारला, आणि तो वाद शतकानुशतके चालला. युरोपात 1688 साली आयरिश विद्वान मोलिन्यू याने इंग्रज तत्त्वज्ञ लॉकला जवळपास हाच प्रश्न विचारला: स्पर्शाने घन आणि गोल ओळखणाऱ्या जन्मांधाला दृष्टी आली, तर तो ते नुसत्या पाहण्याने ओळखील काय? 2011 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, भारतात शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेल्या 5 मुलांची अशी परीक्षा घेतली गेली. हाताने जाणलेली वस्तू त्यांना डोळ्यांनी लगेच ओळखता आली नाही, पण ज्यांची फेरपरीक्षा झाली त्यांना ती काही दिवसांतच येऊ लागली. यावरून गौतमाचा पक्ष पडतो असे मला वाटत नाही. रुजुवात घेणारा आत असला, तरी दोन्ही साक्षीदार त्याच्यासमोर एकत्र यावे लागतात, आणि तसे एकत्र आणणे हे शिक्षकाचे काम आहे. केवळ फळ्यावरून अक्षर शिकवणारी शाळा एकाच साक्षीवर फैसला देते.

म्हणून त्या गृहिणीला माझे नम्र उत्तर असे की, अक्षर मातीत नव्हते, फळ्यावरही नव्हते. डोळा आणि हात यांच्या संमतीने ते ज्याने ओळखले, त्याच्यापाशी ते आहे, आणि तेथे गोळा करणाऱ्या मुठी पोचत नाहीत. येत्या दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढाल, तेव्हा शेजारी मळलेल्या मातीचा एक गोळा ठेवा, आणि मुलाने अक्षर घडवून मोडले तर त्याला रागावू नका.