कागद न मागणारा कायदा

अंध माणूस फुटपाथच्या कडेला थांबतो, रहदारीचा कानोसा घेतो आणि हातातल्या हार्नेसला धरून कुत्र्याला म्हणतो, ‘फॉरवर्ड’. कुत्रा जागचा हलत नाही. कोपऱ्यावरून विजेवर चालणारी एक गाडी वळत असते आणि तिचा आवाज त्या माणसाच्या कानावर आलेलाच नसतो. गाडी जाते, पुन्हा आज्ञा होते, मग दोघे रस्ता ओलांडतात. कुत्र्याला आज्ञा पाळायला शिकवणे एकवेळ सोपे. कोणती आज्ञा मोडायची हे शिकवायला फार कष्ट पडतात. अमेरिकेत १९२९ मध्ये सुरू झालेली ‘द सीइंग आय’ ही संस्था न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनला हेच काम करते. पिल्लू आधी एखाद्या स्वयंसेवकाच्या घरी वर्षभर वाढते, मग काही महिने प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार होते आणि शेवटी ज्याच्यासोबत आयुष्य काढायचे त्या माणसाबरोबर काही आठवडे शिकते.

या संस्थेच्या मुळाशी नॅशव्हिलचा मॉरिस फ्रँक हा अंध तरुण होता. १९२८ मध्ये तो स्वित्झर्लंडहून ‘बडी’ नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन परतला आणि न्यूयॉर्कच्या भर रहदारीचा रस्ता पत्रकारांच्या डोळ्यांदेखत तिच्या भरवशावर ओलांडून गेला. त्यापुढचे काम जास्त चिवट होते. हॉटेल, उपाहारगृह, रेल्वेचा डबा, असे एकेक दार त्याला वाद घालून उघडून घ्यावे लागले. आज गाइड डॉग घेऊन कुणी अमेरिकेतल्या दुकानात शिरतो तेव्हा त्याला सहसा कुणी अडवत नाही, यामागे अशा माणसांची कित्येक दशके आहेत.

१९९० च्या ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ने या हक्काला देशभर आधार दिला. या कायद्याच्या नियमांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंगत्वासाठी एखादे काम शिकवलेला कुत्रा, घेऊन आलेल्या माणसाला दुकानदार फक्त दोन प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा तुमच्या अपंगत्वामुळे आवश्यक आहे का, आणि त्याला कोणते काम शिकवलेले आहे? बस. आजार कोणता हे विचारायचे नाही, ओळखपत्र मागायचे नाही, ‘करून दाखवा’ म्हणायचे नाही. सरकारी नोंदणीही नाही. दूध-पाव घ्यायला निघालेल्या माणसाला दारावरच्या पोऱ्यासमोर आपले दुखणे उघडे करायला लावणे हाच अपमान आहे, हे कायदा लिहिणाऱ्यांनी ओळखले होते. त्यांनी दिव्यांग माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला.

आता ‘इमोशनल सपोर्ट ॲनिमल’. नैराश्य, चिंता, भीतीचे झटके असा त्रास असलेल्या माणसाला ज्याच्या सोबतीने धीर येतो असा प्राणी. त्याला कसलेही प्रशिक्षण लागत नाही. त्याने जवळ असणे पुरे. दुकान-हॉटेलांच्या कायद्यात त्याला जागा नाही, पण घरभाड्याच्या कायद्यात आहे आणि २०२१ च्या सुरुवातीपर्यंत विमानप्रवासातही होती. मानसोपचार करणाऱ्या तज्ज्ञाचे एक पत्र असले की प्राण्याचे भाडे द्यावे लागत नसे. विमानात एरवी लहानशा कुत्र्यालाही एका फेरीचे शंभर डॉलरच्या वर पडतात. पत्राची किंमत काय आहे हे बाजाराला कळायला मग वेळ लागला नाही.

संकेतस्थळ उघडायचे, एक प्रश्नावली भरायची. ‘तुम्हाला प्रवासात अस्वस्थ वाटते का?’ ‘झोप नीट लागते का?’ कार्डाचा क्रमांक द्यायचा. ज्या तज्ज्ञाने तुम्हाला कधी पाहिलेही नाही त्याच्या सहीचे पत्र ईमेलने येते. वर थोडे पैसे टाकले की ओळखपत्र आणि कुत्र्याच्या अंगावर चढवायचे लाल जाकीट. कायद्याच्या लेखी या जाकिटाला काडीचेही महत्त्व नाही, तरी दारावरच्या माणसाचे तोंड ते बंद करते. अमेरिकी विमान कंपन्यांच्या संघटनेने दिलेले आकडे बोलके आहेत: असे प्राणी २०१६ मध्ये सुमारे ४ लाख ८१ हजार, २०१७ मध्ये ७ लाख ५१ हजार. एका वर्षात देशाचे मानसिक आरोग्य इतके ढासळले असेल असे मला वाटत नाही.

पुढचे पुष्कळांना आठवत असेल. जानेवारी २०१८ मध्ये नेवार्कच्या विमानतळावर एक बाई मोर घेऊन आल्या, कंपनीने नकार दिला आणि ते छायाचित्र जगभर फिरले. लोक हसले. त्या हसण्याबद्दल मला राग आहे, कारण त्याआधीच्याच जूनमध्ये अटलांटाहून सॅन डिएगोला निघालेल्या विमानात अशाच एका कुत्र्याने शेजारच्या प्रवाशाचा चेहरा फाडला होता. त्याचे छायाचित्र असे फिरले नाही.

आणि गाइड डॉगचे काय होते? गर्दीच्या जागेत शांत राहायला न शिकलेला कुत्रा त्याच्यावर भुंकतो, कधी चावतो. जखम भरते, पण पुढे दुसरा कुत्रा दिसला की तो बिचकतो, लक्ष रस्त्यावर ठरत नाही. बिचकणारा गाइड डॉग कामाचा राहत नाही. कित्येकांना वेळेआधी निवृत्त करावे लागते. एवढ्या मेहनतीने घडलेला कुत्रा जातो आणि त्या माणसाचे एकट्याने बाहेर पडणे नवा कुत्रा मिळेपर्यंत थांबते. ‘माझ्या खोट्या पत्राने कुणाचे काय बिघडले?’ असे म्हणणाऱ्याने ही साखळी शेवटपर्यंत पाहावी.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी परिवहन खात्याने नियम बदलला आणि पुढच्या महिन्यापासून तो लागू झाला. विमान कंपन्यांवर इमोशनल सपोर्ट ॲनिमल नेण्याचे बंधन उरले नाही. प्रशिक्षित कुत्र्याला मुभा राहिली. मनाच्या आजारासाठी शिकवलेल्या कुत्र्यालाही तोच दर्जा मिळाला, हे चांगले झाले. पण त्यासोबत फॉर्म आला. कुत्र्याचे आरोग्य, वर्तन, प्रशिक्षण यांची लेखी हमी आता कंपनी मागू शकते. जो अंध प्रवासी तोवर कागदाविना चढत होता त्याला आता दर प्रवासाला कागद भरावे लागू शकतात, आणि ते अनेकदा डोळसांसाठी बनवलेले असतात. अंधांच्या संघटनांनी तक्रारी केल्या. खोटेपणा ज्यांनी केला त्यांनी कुत्र्याचे भाडे भरले आणि मोकळे झाले. दंड भरला तो अंधांनी.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परके वाटू नये. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरून गदारोळ झाला, तेव्हा सगळ्याच प्रमाणपत्रांच्या फेरतपासणीची मागणी पुढे आली. खऱ्या दिव्यांगाच्या पोटात गोळा येतो तो अशा वेळी.

तरीही ‘हे सगळे थोतांड’ म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने युद्धाच्या आघाताने मन खचलेल्या सैनिकांवर एक अभ्यास केला. काहींना प्रशिक्षित सर्व्हिस डॉग दिले, काहींना फक्त सोबतीचे कुत्रे. आघाताची लक्षणे सर्व्हिस डॉगवाल्यांत काहीशी अधिक कमी झाली. जगण्याच्या एकूण गुणवत्तेत मात्र दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. कुत्राच न दिलेला गट तुलनेला नव्हता, त्यामुळे यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण रात्री दचकून उठणाऱ्या माणसाच्या हाताखाली एक उबदार, श्वास घेणारा जीव असणे याला काही अर्थ आहे, हे घरात प्राणी असलेल्या कुणालाही अभ्यासाशिवाय कळते.

माझा रोख म्हणून पत्र विकत घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्यावर अधिक आहे. ज्या मानसोपचारतज्ज्ञाकडे माणूस उपचार घेतो त्यानेच त्याच्या हक्काचा दाखला द्यावा, ही रचनाही अवघड आहे. उपचार करणारा रुग्णाच्या बाजूचा असतो, पारख करणाऱ्याला तटस्थ राहावे लागते. पण रुग्णाला न पाहता सही विकणारा यांपैकी कोणतेच काम करत नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२२ पासून कुत्र्यासाठी असे पत्र देण्याआधी रुग्णाशी किमान तीस दिवसांचा संबंध असण्याची अट घातली. मला ही वाट योग्य वाटते, कारण तिचे ओझे सहीच्या मालकावर पडते. रस्त्यावरच्या दिव्यांगाला काहीच नवे सिद्ध करावे लागत नाही.

दुसरा दोष घरमालकांकडे जातो. अमेरिकेतल्या पुष्कळ इमारतींत प्राण्यांना मज्जाव असतो, किंवा मग वेगळी अनामत आणि वर दरमहा ‘पेट रेंट’. इमोशनल सपोर्ट ॲनिमलला कायद्याने हे काही लावता येत नाही. म्हातारपणी एकटा राहणारा, आपल्या जुन्या कुत्र्याला टाकून घर बदलू न शकणारा माणूस आजारी नसतो. त्याला फक्त त्याचा कुत्रा हवा असतो. त्यासाठी सरळ दार नाही म्हणून तो दिव्यांगांच्या दारातून शिरतो. प्राणी पाळणाऱ्या सामान्य भाडेकरूला वाजवी अटींवर जागा मिळू लागली, तर निम्मी पत्रे आपोआप थांबतील असे मला वाटते.

अमेरिकेत शिकायला, नोकरीला गेलेली आपली पुष्कळ मुले भाड्याच्या घरांत राहतात, कुत्री-मांजरे पाळतात. त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे: पेट रेंट वाचवण्यासाठी ते विकतचे पत्र घेऊ नका. घरमालकाशी घासाघीस करा, अनामत भरा, नाहीतर दुसरे घर शोधा. आणि ज्याच्या मनाला खरोखर आधार हवा आहे त्याने अजिबात संकोचू नये. आपल्या डॉक्टरशी बोलावे, पत्र घ्यावे आणि ताठ मानेने घरमालकापुढे ठेवावे. ती सवलत त्याच्यासाठीच आहे.