सगळ्यांना माहीत असतं

तुमच्यापैकी जे लालबाग-परळकडे वाढले असतील, त्यांना ‘ओपन काय आला?’ हा प्रश्न आठवत असेल. आमच्या चाळीखाली पानाची टपरी होती. तिथे पान मिळायचं, विड्या मिळायच्या आणि आकडाही लावता यायचा. चार आणे, आठ आणे, पगाराच्या दिवशी रुपया. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका पहाटेची स्वप्नं आकड्यांत बसवून बघायचे. साप दिसला तर एक आकडा, वरात दिसली तर दुसरा. बीटवरचा हवालदार त्याच टपरीला टेकून तंबाखू मळत उभा असायचा. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. एकदा विचारलं, “बाबा, पोलिसांना हे माहीत नसतं का?” बाबा पेपर वाचत होते. “सगळ्यांना माहीत असतं,” म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

त्या उत्तराने मी तेव्हा गप्प बसलो. आज न्यू जर्सीत इतकी वर्षं काढल्यावर त्याच उत्तराबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे, कारण मला ते आता उत्तर वाटत नाही.

मटक्याचं मूळ आपल्या इथल्या शेजारात आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमधले कापसाचे उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला जायचे आणि त्यांवर पैज लागायची. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथले. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला ते थांबलं, तेव्हा कल्याणजी भगत आणि मग रतन खत्री यांनी मुंबईतच आकडे काढायला सुरुवात केली. आणि ज्या काळात तिकडे कापसावर पैजा लागत होत्या, त्याच काळात इथे हार्लेममध्ये गरीब माणसं दुकानांत नि जिन्यांत उभी राहून ‘नंबर्स’ खेळत होती. तीन अंकी आकडा, बारीकसारीक रक्कम, ओळखीचा चिठ्ठीवाला आणि कोपऱ्यावर ओळखीचा पोलीस. विचारलं असतं तर तिथल्या बाबांनीही तेच सांगितलं असतं.

मे १९५० मध्ये अमेरिकन सिनेटने या ‘सगळ्यांना माहीत’ असलेल्या गोष्टीची चौकशी करायला पाच जणांची समिती नेमली. टेनेसीचे सिनेटर एस्टिस कीफॉवर अध्यक्ष. समिती चौदा शहरांत फिरली, सहाशेहून जास्त साक्षीदार तपासले. मार्च १९५१ मध्ये ती न्यूयॉर्कला आली आणि सुनावणी टीव्हीवर दाखवली गेली. तेव्हा टीव्ही घरोघर नव्हता, तरी सुमारे तीन कोटी लोकांनी ती पाहिली असा अंदाज सांगतात. काही सिनेमागृहांनी सिनेमा बंद ठेवून पडद्यावर सुनावणीच दाखवली.

फ्रँक कॉस्टेलो हा त्यातला मुख्य साक्षीदार. माझा चेहरा दाखवू नका, अशी त्याची अट होती. समितीने ती मान्य केली, म्हणून कॅमेरा त्याच्या हातांवर लावला गेला. लोकांनी दिवसभर फक्त हात पाहिले. पाण्याच्या ग्लासाकडे जाणारे, रुमाल चुरगाळणारे, एकमेकांत गुंतणारे. सिनेटर टोबींनी त्याला विचारलं, या देशाचा नागरिक म्हणून तू देशासाठी काय केलंस? कर भरला, असं तो म्हणाला. लोक हसले. मला मात्र ते उत्तर वाचताना हसू आलं नाही, का ते पुढे सांगतो.

आता मुद्द्याचा प्रश्न. या समितीने नवीन काय शोधलं? खरं तर फारच थोडं. कॉस्टेलोचं न्यूयॉर्कच्या राजकारणातलं वजन पेपरांत कधीचं छापून येत होतं. माजी महापौर विल्यम ओ’ड्वायर यांच्याबद्दलही कुजबुज जुनीच. हा माणूस साधा नव्हता. ब्रुकलिनचा सरकारी वकील असताना त्याने खुनी टोळीतल्या अनेकांना विजेच्या खुर्चीपर्यंत पोचवलं होतं. पण त्या टोळीविरुद्धचा सगळ्यात मोठा साक्षीदार, एब रेलेस, नोव्हेंबर १९४१ मध्ये पोलिसांच्या पहाऱ्यात असताना कोनी आयलंडच्या हॉटेलच्या खिडकीतून खाली पडून मेला आणि नंतर वरच्या म्होरक्यांपर्यंत हात पोचलाच नाही. १९५० मध्ये ओ’ड्वायरने महापौरपद सोडलं आणि तो मेक्सिकोत राजदूत झाला. समितीपुढे त्याला सांगावं लागलं की होय, १९४२ मध्ये मी कॉस्टेलोच्या घरी गेलो होतो. सैन्याच्या कामासाठी, असं त्याचं म्हणणं. कशासाठीही असो, गेला होता हे आता त्याच्याच तोंडून, शपथेवर, लाखो लोकांसमोर आलं.

शिकागोत तर याहून मजेशीर घडलं. सरकारी वकिलाच्या कचेरीतला प्रमुख तपास अधिकारी डॅनियल गिल्बर्ट शेरीफपदाची निवडणूक लढवत होता. बंद दाराआडच्या साक्षीत त्याला विचारलं, पगार एवढा आणि संपत्ती एवढी कशी? म्हणाला, पैजा लावून. पैजा लावणं कायदेशीर आहे का? नाही, कायदेशीर नाही, असं त्याने सांगून टाकलं. ती साक्ष मतदानाच्या तोंडावर वर्तमानपत्रात फुटली, गिल्बर्ट पडला आणि त्याच्याबरोबर सिनेटमधले बहुमतवाल्यांचे नेते स्कॉट लुकसही पडले. लुकस कीफॉवर यांच्याच पक्षाचे. पक्षाने हे त्यांना कधी विसरू दिलं नाही.

मला यातून जे कळलं ते असं. ‘सगळ्यांना माहीत असणं’ आणि ‘नोंद होणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नैतिक वजन दुसरीला आहे. चाळीत नळावर भांडी घासताना एखादी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण ती कुणा एकाची नसते. प्रत्येकाच्या वाट्याला तिचा इतका पातळ थर येतो की त्यावर कुणी काही करावं अशी अपेक्षाच उरत नाही. हवालदाराला वाटतं, साहेबांना माहीत आहे. साहेबांना वाटतं, मंत्र्यांना माहीत आहे. मंत्र्यांना वाटतं, लोकांना माहीत आहे आणि तरी मतं देतात. एका टेबलासमोर, एका माणसाला, त्याच्या नावाने प्रश्न विचारला की हा पातळ थर एका जागी गोळा होतो. मग तो माणूस एक तर उत्तर देतो किंवा नाकारतो. आणि ऐकणाऱ्यालाही ‘मला कुठे माहीत होतं’ म्हणायची सोय राहत नाही.

तुम्ही म्हणाल, शब्दांचा खेळ आहे. मग धंद्यातल्या माणसांना विचारा. नोंदीची किंमत त्यांना आपल्यापेक्षा चांगली कळते. आमच्या इथून तासाभरावर क्लिफसाइड पार्क आहे. न्यू जर्सीतल्याच विली मोरेटीने समितीपुढे हसतखेळत गप्पा मारल्या. बाकीचे तोंड उघडायला तयार नव्हते, हा बोलत सुटला. फार गुपितं सांगितली असंही नाही. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी क्लिफसाइड पार्कमधल्या एका रेस्तराँमध्ये त्याला गोळ्या घातल्या. इटलीतलं उदाहरण तर अंगावर येणारं आहे. तिथल्या संसदेचा माफियाविरोधी आयोग १९६३ पासून काम करत होता. १९७६ मध्ये बहुमताचा अहवाल आला, त्याच्या शेजारी अल्पमताचाही आला. पिओ ला तोर्रे आणि चेझारे तेर्रानोव्हा यांनी त्यात पालेर्मोच्या सत्ताधारी राजकारण्यांची नावं घातली. त्या नावांत पालेर्मोकरांना नवल वाटावं असं काही नव्हतं. तेर्रानोव्हांना १९७९ मध्ये मारलं, ला तोर्रेंना एप्रिल १९८२ मध्ये. माफियाची मालमत्ता जप्त करण्याचा जो कायदा त्यांनी मांडला होता, तो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या नावासह मंजूर झाला. सगळ्यांना माहीतच होतं, तर दोन माणसं का मारावी लागली?

यात काळंबेरं नाही असं मी म्हणत नाही. ज्याच्यावर खटला नाही, वकिलाला उलटतपासणीची मुभा नाही, अशा माणसाला दिव्यांच्या झोतात बसवून देशासमोर लाजवणं हे न्यायालयाचं काम नव्हे. गप्प राहण्याचा घटनेने दिलेला हक्क वापरला तरी पाहणाऱ्यांच्या लेखी तो गुन्हेगारच ठरत होता. हेच हत्यार काही वर्षांत मॅकार्थींच्या हाती गेलं, आणि तिथे पकडायला गुंडही नव्हते.

त्याहून मला खटकतो तो समितीचा निष्कर्ष. सगळ्या देशभर पसरलेली, सिसिलीहून आलेली एक गुप्त संघटना यामागे आहे, असं अहवालाने ठासून सांगितलं. पुरावा तेवढा नव्हता, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. पण लोकांना ते पटलं, कारण ते सोयीचं होतं. गुन्हा परदेशातून आला, बोटीतून उतरला, त्याचं आडनाव स्वरान्त आहे. आपल्यासारख्या, आडनाव दोनदा सांगावं लागणाऱ्यांनी तरी हे वाचताना जरा थांबायला हवं. समितीच्या साक्षींमधलं खरं सत्य अगदी उलट होतं. फोर्ट ली आणि लोडायमधले जुगाराचे अड्डे चालत होते ते स्थानिक पोलिसांनी डोळेझाक केली म्हणून. मॅनहॅटनहून गिऱ्हाइकांना तिथे आणायला गाड्या जायच्या. गाड्यांत बसणारे सिसिलीहून नव्हते आलेले. जो अडोनिसला १९५१ मध्ये त्या अड्ड्यांसाठी शिक्षा झाली. गाडीत बसलेल्यांना समितीने बोलावलं नाही. सहाशे साक्षीदारांत गुंड होते, शेरीफ होते, महापौर होते. दोन डॉलर लावणारा घरी बसून टीव्ही बघत होता.

आपल्याकडे संसदेसमोर असं काही आलं ते वोहरा समितीच्या रूपाने. ही संसदेची समिती नव्हे. मार्च १९९३ च्या मुंबईतल्या स्फोटांनंतर सरकारने गृहसचिव एन. एन. वोहरा यांच्या अध्यक्षतेखाली ती नेमली. अहवाल ऑक्टोबर १९९३ मध्ये तयार झाला आणि संसदेच्या पटलावर ठेवायला ऑगस्ट १९९५ उजाडला. मोजकीच पानं. गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांचं साटंलोटं इतकं घट्ट आहे की जवळजवळ समांतर सरकारच चालतं, असं त्यात आहे. मोठ्या शहरांत टोळ्यांची मुख्य कमाई जमिनी आणि इमारतींतून होते, राहणाऱ्यांना हुसकावून, स्वस्तात बळकावून, आणि तोच पैसा पुढे अधिकारी नि पुढारी जोडायला लागतो, हेही आहे. नावं नाहीत. जोडपत्रं उघड केली गेली नाहीत आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उघड करण्याचा आदेश द्यायला नकार दिला. त्याची कारणं विचार करण्यासारखी आहेत. पुरावा नसताना नुसत्या माहितीवर कुणाचं नाव चव्हाट्यावर येऊ नये, हे मघाशी मीच म्हटलं. परिणाम मात्र असा झाला की वाचणाऱ्याने अहवाल मिटला आणि म्हणाला, यात नवीन काय, सगळ्यांना माहीत आहे.

‘जमिनी आणि इमारती’ या शब्दांपाशी मी अडकलो, कारण तिथे माझा पत्ता आहे.

वीस-एक वर्षांपूर्वी मी पुण्याजवळ फ्लॅट घेतला. सुट्टी तीन आठवड्यांची, त्यातले दहा दिवस या कामात. किंमत ठरली तेव्हा एजंट म्हणाला, एवढे चेकने आणि एवढे ‘वरचे’. मी अमेरिकेतला शहाणा, विचारलं, वरचे म्हणजे? तो हसला. “साहेब, असंच असतं. सगळ्यांना माहीत आहे.” मेव्हण्याने पैशांची जुळवाजुळव केली आणि एका संध्याकाळी ते साध्या खाकी कापडी पिशवीतून पोचवले. पावती नाही. ते पुढे कुठे गेले, हे मी विचारलं नाही. बहुधा कुठे गेलेच नसतील, बिल्डरच्या मुलीच्या लग्नात संपले असतील. पण ज्या जमिनीवर ती इमारत आहे, तिथे आधी कोण राहत होतं, हेही मी विचारलं नव्हतं. मी इथे दरवर्षी वेळेवर कर भरतो. कॉस्टेलोच्या उत्तरावर मला हसू आलं नाही, ते यामुळे.

त्या वेळी मी नकार दिला असता तर काय झालं असतं? दुसऱ्याने फ्लॅट घेतला असता. हा युक्तिवाद मी स्वतःला पुष्कळदा ऐकवला आहे. फोर्ट लीच्या गाडीतली एक जागा रिकामी राहिली असती, तर ती दुसऱ्याने भरलीच असती.

यंदा तो फ्लॅट विकला. इथल्या करासाठी नफा दाखवायचा, तर खरेदीची किंमत लागते. मुलगी हल्ली माझी कागदपत्रं बघते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला मुद्रांकाच्या कागदावरचा करारनामा. मराठी तिला अडखळत वाचता येतं, आकडे मात्र चांगले येतात. “बाबा, फ्लॅट एवढा स्वस्त होता?”

मी म्हणालो, “नाही. थोडे वरचे होते.”

“वरचे म्हणजे?”

“अगं, तिकडे तसंच असतं. सगळ्यांना माहीत आहे.”

“मला नव्हतं माहीत,” ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात, ती फॉर्ममधल्या रकान्याकडे बघत होती. “मग आकडा कोणता लिहू?”

मी तिला दोन्ही आकडे सांगितले, मेव्हण्याची पिशवीही सांगितली. फॉर्ममध्ये आम्ही करारनाम्यावरचा लिहिला. कर थोडा जास्त बसला.