काट्यावरून कारण

मुंबई–गोवा महामार्गावर, कर्नाळ्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या टर्बो पेट्रोल गाडीचे इंजिन आयडलिंगला थरथरू लागले, तर मॅनिफोल्डमधील निर्वात, म्हणजे बाहेरच्या हवेहून कमी असलेला दाब, गेजवर पाहिला जातो, कारण एवढ्या कमी फेऱ्यांना टर्बो जवळजवळ निष्क्रिय असतो. समुद्रसपाटीलगत निरोगी इंजिनाचा काटा बहुधा १७ ते २२ इंच पाऱ्यावर स्थिर राहतो. तो १५ वर थांबला, तर मॅनिफोल्डला जोडलेली निर्वाताची नळी फाटली असे अनुमान करता येते काय? अक्षपाद गौतमाच्या न्यायदर्शनात अशा हेतूला (अनुमानाच्या आधाराला) सव्यभिचार म्हणतात, म्हणजे जो साध्य (सिद्ध करायची गोष्ट) असताना आढळतो आणि नसतानाही आढळतो. इग्निशनचे टायमिंग मागे पडले तरी काटा असाच उतरतो. म्हणून नळी चिमटीत दाबल्यावर काटा चढतो की नाही, हे प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज ती बदलण्याचा निर्णय अप्रमाणच मानावा.