भयकथेतील अपराधी

सौंदर्याच्या व्यापारावर कोरडे ओढणाऱ्या भयकथा अलीकडे पुष्कळ निघत आहेत, आणि त्यांनी शहारलेल्या सुशिक्षित रसिकास आपण मोठा बोध घेतला असे वाटते. आम्हांस त्या बोधाविषयीच शंका आहे. अशा कथेत शासन होते कोणास?

कोराली फार्झा या फ्रेंच दिग्दर्शिकेचा 'द सब्स्टन्स' हा २०२४ चा चित्रपट घ्या. पन्नाशी गाठताच कामावरून दूर केलेली एक नटी गुप्त औषध टोचून घेते. तिच्या पाठीतून एक तरुणी बाहेर पडते. दोघींनी सात सात दिवस आळीपाळीने जगावे, असा नियम. तरुणी नियम मोडते आणि मूळ देह झिजत, विद्रूप होत जातो. (या चित्रपटास ऑस्कर मिळाले ते रंगभूषा व केशभूषेकरिता, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा!) औषध पुरविणारा मात्र शेवटपर्यंत दूरध्वनीवरील एक आवाज असतो, आणि तो आवाज सुखरूप राहतो.

१८४३ सालची हॉथॉर्नची 'द बर्थमार्क' ही कथा आम्हांस या बाबतीत अधिक न्यायी वाटते. पत्नीच्या गालावरील इवलीशी खूण पुसून टाकण्याच्या हट्टापायी शास्त्रज्ञ पती तिच्या प्राणांस मुकतो. औषध ती आपखुशीने पिते हे खरे. पण जी खूण तिला एकेकाळी भूषण वाटे, ती पतीच्या नजरेने पाहू लागल्यावरच तिला नकोशी होते. इच्छा तिची, पण पेरली कोणी, हे हॉथॉर्न लपवीत नाही.

ही केवळ कल्पनेची गोष्ट नव्हे. अकोल्यातील एका कुटुंबातील तीन स्त्रियांची मूत्रपिंडे गोरेपणाच्या मलमाने बिघडल्याचे २०२३ च्या आरंभी उघडकीस आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासात पाऱ्याचा छडा लागला. पारा त्वचेतील रंगद्रव्य बनू देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. आणि तोच त्वचेवाटे रक्तात शिरून मूत्रपिंडात साठतो. 'कशाला हवे होते गोरे व्हायला?' असे म्हणणे सोपे आहे. परंतु विवाहाच्या जाहिरातीत 'गोरी' हा शब्द छापणारे आपणच ना?

सोनईकडून शनिशिंगणापूरास जाताना हा प्रश्न अधिकच बोचतो. तेथे उघड्या आकाशाखाली उभी आहे एक काळी, अनघड शिळा; तिच्यापुढे लक्षावधी लोक हात जोडतात, आणि घरी परतून मुलीच्या सावळ्या रंगाची चिंता करतात. भेसळीच्या तेलाने त्या शिळेची झीज होते असे दिसल्यावर, मार्च २०२५ पासून ठरावीक प्रतीचेच तेल वाहावे असा निर्बंध देवस्थानाने घातला. शिळेने तेल मागितले होते काय, असे तेव्हा कोणी विचारले नाही. तेलाची बाटली तपासावयाची, हे सर्वांस आपोआप उमगले. मलमातील पाऱ्यावरही सरकारी नियमांची बंदी आहेच. पण नाव-पत्ता नसलेली डबी हातोहात विकली जाते, आणि ती तपासणारा कोणी तिच्या वाटेत उभा नसतो.