चढ, उतार आणि शेजार

रेल्वेने प्रवास करणाऱ्या माणसाला फलाटाच्या टोकाला उभा असलेला पिवळा फलक परिचयाचा असतो. परंतु त्या फलकावर गावाच्या ठळक नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची वाचणारा प्रवासी विरळा, आणि ती वाचून त्या आकड्याशी आपला काही संबंध आहे असे मानणारा तर त्याहूनही विरळा. चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव अशी स्थानके एकामागून एक मागे पडतात, प्रत्येक ठिकाणचा आकडा थोडाथोडा बदलतो, आणि डब्यात बसलेल्याला त्याची वार्ताही नसते. कारण चढण चढण्याचे काम त्याच्या पायांकडे नसून इंजिनाकडे असते. ज्याला चढ चढावा लागत नाही त्याला चढ दिसत नाही, हे सूत्र रेल्वेपुरतेच खरे असते तर त्यावर निबंध लिहिण्याचे कारण नव्हते. पण पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या आपल्या या कारखानदारीच्या मुलखाचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या एकाच सूत्राचा विस्तार आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

प्रथम त्या आकड्याचीच थोडी चौकशी करू. समुद्र कधी एका पातळीवर राहत नाही. तेव्हा त्याची ‘सपाटी’ ही निसर्गाने दिलेली वस्तू नसून माणसांनी आपसांत केलेला ठराव आहे. १९०९ साली आपल्याकडे कराचीपासून विशाखापट्टणमच्याही पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून मध्यम पातळी काढण्यात आली, तिला शून्य मानण्यात आले, आणि साऱ्या देशाच्या उंचीची जणू जमाबंदी त्या शून्यावर बसवण्यात आली. या हिशेबाने पुणे ५६० मीटर उंचीवर आहे असे भूगोलाचे पुस्तक सांगते. पण त्याच पुण्याचा लोहगावचा विमानतळ ५९२ मीटरवर आहे, म्हणजे एका शहराच्या दोन अंगांत दहा मजली इमारतीएवढे अंतर सहज पडते. एका गावाला एकच उंची देणे म्हणजे घरातल्या आजोबांचे आणि तान्ह्या नातवाचे वय एकत्र करून त्याची सरासरी घराचे वय म्हणून सांगण्यासारखे आहे. आकडा खोटा नसतो. पण त्या घरात कोण कोणाला उचलून घेतो, हे त्यावरून कळत नाही.

ते कुठे कळते, हे मला चिखलीच्या एका अर्धवट बांधकामावर दिसले. एका खांबापाशी गवंडी, दुसऱ्या खांबापाशी त्याचा हाताखालचा पोरगा, आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर लोळणारी, पाणी भरलेली पारदर्शक नळी. “आलं का खुणेला?” गवंडी ओरडला. “बोटभर खाली हाय, दादा,” पोरगा म्हणाला. “मग नळी वर घे जरा. बुडबुडा ऱ्हाऊ देऊ नको.” पोराने नळी झटकली, पाणी क्षणभर हिंदकळले आणि स्थिर झाले, आणि गवंड्याने पेन्सिलीने खांबावर रेघ ओढली. त्या दोघांना समुद्राशी कर्तव्य नव्हते. आपले टोक समोरच्याच्या टोकापेक्षा वर आहे की खाली, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर एकट्याला मिळण्यासारखे नव्हते. नळीचे दुसरे टोक धरायला कोणीतरी लागतेच. उंचीचा व्यवहारातला अर्थ मला या पाणसळीत सापडला. उंची ही शेजाऱ्याशी असलेल्या नात्याची गोष्ट आहे.

आपल्या भागापुरते हे नाते सह्याद्रीने घालून दिले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तयार झालेला हा खडक पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. शास्त्रज्ञ त्याला ज्या ‘ट्रॅप’ नावाने ओळखतात त्या शब्दाचे मूळही जिन्याच्या अर्थाच्या स्वीडिश शब्दात आहे. पश्चिमेकडून पाहिले तर हा जिना भिंतीसारखा उभा आहे: १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी धावू लागली, तरी बोरघाटाचा लोहमार्ग पुरा व्हायला १८६३ साल उजाडावे लागले, आणि मधली पाच वर्षे उतारूंनी घाटाचा टप्पा डोलीत, तट्टावर किंवा पायी पार केला. पूर्वेकडून मात्र तोच जिना इतका संथ उतरतो की उतार आहे हेच ध्यानात येत नाही. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि पुण्यापर्यंत पोचताना तो सातशेच्या आसपास येतो. त्या माथ्यापासून अरबी समुद्र जवळ असूनही पूर्वेच्या अंगावर पडलेला थेंब पवना किंवा इंद्रायणीच्या हाताने भीमेत, भीमेतून कृष्णेत, आणि हजाराहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात जातो. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही नावे नदीच्या खोऱ्यांनी गावांना दिलेली आहेत. आमच्या पूर्वजांचा नकाशा असा पाण्याने आखलेला होता. हद्दी नंतर आल्या.

त्या पूर्वजांच्या बोलण्यात उंचसखल जमिनीसाठी जी शब्दसंपत्ती होती तिच्याकडे पाहिले की आपण किती दरिद्री झालो आहोत याची कल्पना येते. घरे बांधायची ती पांढरी आणि पिकवायची ती काळी, हा गावाचा पहिला विभाग. मग माळ, टेकाड, लवण, ओघळ, खळगा, गायरान, खराबा. लवणात पाणी मुरते म्हणून तिथे घर नको आणि माळावर ओल टिकत नाही म्हणून तिथे ऊस नको, हे शहाणपण त्या शब्दांतच साठवलेले असे. इंग्रजी अमदानीत १८३६ साली इंदापुरात सुरू झालेल्या आणि पुढे मुंबई इलाख्याभर गेलेल्या जमीनमोजणीनेही हे शहाणपण बाजूला टाकले नाही. गोल्डस्मिड, विंगेट प्रभृतींच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने प्रतबंदीचे जे नियम घालून दिले, त्यांत मातीची खोली हातांनी मोजायची आणि मग तिचे दोष नोंदवायचे असा दंडक होता. आणि त्या दोषांच्या यादीत वाळूच्या मिश्रणाबरोबरच ‘उतार’ हा एक दोष आणि ‘वाहत्या पाण्याखाली जाण्याचा संभव’ हा दुसरा दोष स्वतंत्रपणे गणलेला होता. साऱ्याचे आकार ठरवणारे ते दप्तर रयतेवर दयाळू होते असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. मात्र प्रत ठरवणारा कारकून शेतात पायी जाई, खड्डा खणवून पाही, आणि त्यामुळे उतार त्याला पायांना कळे.

पुढे काळाने या दोषांची किंमत उलटीपालटी केली. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि दुचाकी, मालमोटारी व त्यांचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्यांनी आकुर्डी, चिंचवड, भोसरीचा परिसर व्यापला. संपादन झालेली सारीच जमीन नापीक होती असे नव्हे, चांगली काळीही तीत गेली. पण ज्या माळाला प्रतबंदीत कमी आणे मिळाले होते तोच माळ कारखान्याला सोयीचा ठरला, कारण हातभर मुरमाखाली लागणारा काळा पत्थर नांगराचा वैरी असला तरी अवजड यंत्राच्या पायाचा मित्र असतो. चार गावांची १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. खराब्याचे सोने झाले. आणि सोन्याचा भाव चौरस फुटावर ठरत असल्याने त्या जमिनीची उंची, तिचा उतार आणि तिच्यावरून जाणारा ओढा या गोष्टी खरेदीखतात लिहिण्याजोग्या उरल्या नाहीत.

चाकणची गोष्ट याहून जुनी आणि याहून बोलकी. इंद्रायणी आणि भामा यांच्यामधल्या उंचवट्यावर, सभोवार मोकळ्या रानात वसलेले हे गाव जुन्नरच्या वाटेवरचे नाके होते. म्हणून तिथे किल्ला हवा होता, आणि किल्ला घालायला डोंगर नव्हता. संग्रामदुर्ग हा भुईकोट. लोहगडाला जी उंची सृष्टीने फुकट दिली ती याला तट चढवून आणि खंदक खणून मिळवावी लागली. १६६० साली शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने हा लहानसा कोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. शेवटी खानाने जमिनीखालून भुयार नेऊन सुरुंगाने बुरूज उडवला तेव्हा कुठे तो पडला. माणसाने उभारलेल्या उंचीला माणूस खालून पोखरू शकतो, हा त्या वेढ्याचा धडा. आज त्याच परिसरात महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडीच्या शिवारांत मोटारींचे कारखाने उभे आहेत, जमीन यंत्राने कापून आणि भराव घालून काटेकोर सपाट केलेली आहे, आणि इंद्रायणीच्या पुलावरून चाकणकडे निघालेला मालवाहू ट्रक खालच्या गिअरमध्ये कण्हत जातो तेवढाच या भूमीच्या मूळ स्वभावाचा दाखला उरला आहे.

चढ न दिसण्याची सोय आपल्याला विजेच्या पंपाने दिली. पवना धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून उताराने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत आपणहून येते. तेथून मात्र ते उपसून निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रावर चढवावे लागते, आणि मग ते शहरभर उतरते. गृहिणींच्या तोंडचे “आमच्याकडे पाणी चढत नाही” हे वाक्य म्हणूनच या शहराचे सर्वांत प्रामाणिक भूवर्णन आहे. धरणापासून निगडीपर्यंत बंद जलवाहिनी घालावी, म्हणजे पाणी वाटेत सांडणार नाही आणि मैले होणार नाही, हा विचार कागदावर निर्दोष होता. परंतु नदी वाहती राहिली तर काठच्या शेतात ओल येते आणि नळी वाहिली तर येत नाही, हा वरच्या अंगाच्या मावळकऱ्यांचा विचारही काही कमी निर्दोष नव्हता. या वादात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मरण पावले. खालच्या गावाची तहान आणि वरच्या गावाचा हक्क यांचा मेळ घालण्यासाठी नळीचे दुसरे टोक हाती धरणारा कोणी त्या दिवशी नव्हता.

वरच्याचा विसर पडला तसा खालच्याचाही पडला. चिंचवडला पवनेच्या काठावरील मोरया गोसावींच्या समाधिमंदिरात पावसाळ्यात पाणी शिरते हे नित्याचे आहे. नदीला यायला जागा आहे हे ठाऊक असलेल्या लोकांनी बांधलेले ते काम आहे, पाणी येते आणि ओसरते. आपण मात्र नकाशावर पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी रेषा ओढली, आणि रेषा ओढल्याने नदीचा बंदोबस्त झाला असे समजलो. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशानुसार २०२५ च्या मे महिन्यात पाडण्यात आले. आयुष्याची पुंजी घालून ते घेणाऱ्यांच्या दुःखाची चेष्टा करण्याचा अधिकार कोणालाच नाही; पण ‘वाहत्या पाण्याखाली जाण्याचा संभव’ हा दोष नोंदवण्याची रीत १८४७ सालच्या कारकुनाला ठाऊक होती, आणि आपल्या काळातल्या विकणाऱ्याला, घेणाऱ्याला व परवानगीच्या खिडकीला तो दोष दिसला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

आणि आता अखेरचा शेजार, जो सर्वांत खाली आहे आणि ज्याचे नाव आपण सर्वांत भक्तीने घेतो. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की पहिला मुक्काम आकुर्डीला करते आणि पिंपरी, दापोडीवरून पुण्याकडे जाते. त्या दिवशी कामगारवस्तीतली माणसे रस्त्याच्या कडेला उभी राहून वारकऱ्यांना चहा-फराळ देतात, त्यांचे पाय चेपतात, आणि त्या सेवेत दिखाऊपणा नसतो हे मी पाहिले आहे. ज्या पंढरीला ही पालखी जाते ती समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर, म्हणजे आपल्याहून शंभरेक मीटर खाली आहे. आपली पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा मुठेला, मुळा-मुठा भीमेला. भीमा उजनीच्या जलाशयातून पुढे जाते आणि पंढरपुरास तिलाच चंद्रभागा म्हणतात. इंद्रायणीही आळंदीवरून जाऊन तुळापूरला त्याच भीमेत उतरते, आणि आळंदीच्या घाटावर तिच्या पाण्यावर तरंगणारा पांढरा फेस दरसाल वर्तमानपत्रांत छापून येतो.

तेव्हा आपल्या गावाची उंची सांगताना मीटर सांगावेत, त्याला हरकत नाही. पण त्याबरोबर वर कोण राहतो आणि खाली कोण राहतो हेही सांगण्याची सवय लावून घ्यावी. ज्याच्याकडून पाणी येते त्याला विचारावे, ज्याच्याकडे जाते त्याची लाज बाळगावी. एवढी शेजारधर्माची मोजणी झाली तर बाकीची मोजणी खात्याने करावी. वारकरी चालत पंढरपूरला पोचायला अडीच-तीन आठवडे घेतो, वाटेत मुक्काम करतो, ऊन-पाऊस सोसतो. आपले सांडपाणी मात्र मुक्काम करीत नाही. दापोडीच्या संगमापासून पुढे सारा उतार आहे.